नोंदणी आवश्यक त्यापुढे

अनुस्वारराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि पगार थांबल्यापासून ते कुणाच्या फारसं कामाला येत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एका दैनिकाच्या कचेरीत प्रूफं तपासली. एका अक्षराच्या डोक्यावरचा अनुस्वार उचलायचा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा, हा उद्योग पाहून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी चिडवायला ते नाव ठेवलं. अनुस्वाररावांनी ते पदवीसारखं मिरवलं. निवृत्तीच्या समारंभात संपादक म्हणाले, "यांच्यामुळे आपल्या पेपरात चूक शोधून सापडत नाही." दुसऱ्या दिवशी समारंभाची बातमी छापून आली. तिच्यात चार चुका होत्या, शोधाव्याही लागल्या नाहीत. अनुस्वाररावांनी चारही लाल शाईनं गोल करून कात्रण संपादकांना पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं नाही. मोठी माणसं, कामात असतील.

त्यानंतर जगानं त्यांच्याकडे काही तपासायला पाठवणं बंद केलं, म्हणून त्यांनी आपणहून जग तपासायला घेतलं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बसच्या तिकिटामागचे नियम, लिफ्टमध्ये किती माणसं मावतात त्याची पाटी, सगळं वाचल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. त्यामुळे घरातून निघालेली मंडळी कुठंही वेळेवर पोचत नसत, पण वाटेतल्या पाट्या मात्र त्यांना पाठ असत.

अशा माणसाला पाटी न वाचल्याबद्दल दंड व्हावा, ही गोष्ट विश्वास ठेवण्यासारखी नाही. म्हणून त्यांनी स्वतःही तो बरेच दिवस ठेवला नाही.

झालं ते असं. त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी नि गुरुवारी, तिला व्यायामासाठी फिजिओकडे न्यावं लागे. आधीचा दवाखाना जवळ होता, पण फिजिओच्या बाईंनी आपलं बस्तान गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका चारमजली इमारतीत हलवलं. तिथं पहिल्यांदाच जायचं होतं, तो मंगळवार. निघायला दहा मिनिटं उशीर झाला, कारण पाणी खात्याच्या नोटिशीत 'पाणि' असं छापलं होतं आणि त्याला उत्तर देणं अनुस्वाररावांना भाग होतं.

इमारतीमागे पार्किंग होतं. गाडी लावून दोघं उतरली. बायको काठी टेकत लिफ्टकडे निघाली, आणि अनुस्वारराव आपल्या धर्माला जागून पाटीसमोर उभे राहिले. पाटी मोठी होती. वरची ओळ वीतभर उंचीच्या हिरव्या अक्षरांत: 'पहिले दोन तास मोफत'. तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, मुंग्यांची रांग चालल्यासारखं. अनुस्वाररावांनी खिसा चाचपला. चष्मा बायकोच्या पर्समध्ये. त्यांनी मान मागे घेऊन पाहिलं, मग पुढे करून पाहिलं. लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं, अडायचं ते जवळचं. पुस्तक असतं तर हात लांब करून धरलं असतं, पण पाटी भिंतीला स्क्रूनं बसवलेली होती, आणि मागे सरकलं की मुंग्यांचे नुसते ठिपके होत. मुंग्या काही अक्षरं व्हायला तयार होईनात. शेवटी अनुस्वारराव "हं" म्हणाले आणि वळले.

लिफ्टच्या दारातून बायकोनं विचारलं, "अहो, वाचलीत ना पाटी नीट?"

"एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

उत्तर खरं होतं. फक्त ते या प्रश्नाचं नव्हतं.

तासा-सव्वातासानं दोघं खाली आली, तर वायपरखाली पिवळा कागद. एव्हाना चष्मा नाकावर होता, कारण फिजिओच्या बाईंनी दिलेला व्यायामाचा तक्ता वाचून त्यातल्या चुका काढायच्या होत्या. अनुस्वाररावांनी कागद उचलला आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"अगं, ऱ्हस्व!"

"काय झालं?"

"सूचनेतला सू ऱ्हस्व! हे बघ, 'दंडाची सुचना'. मथळ्यात! मथळ्यात माणूस ऱ्हस्व लिहितो म्हणजे काय!"

"पण दंड कसला?"

"ते खाली असेल."

खाली होतं. 'मोफत वेळेसाठी वाहन क्रमांकाची नोंदणी न करता वाहन उभे करणे.' पाटीच्या शेजारीच एक मशीन होतं. त्यात गाडीचा नंबर टाकायचा, पैसे नाहीत, काही नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. ते न केल्याबद्दल जो दंड होता, त्यात चामड्याचे चांगले बूट आले असते. चौदा दिवसांत भरला तर अर्धा, म्हणजे नुसतेच बूट.

अनुस्वारराव तरातरा पाटीपाशी गेले. आता मुंग्यांची अक्षरं झाली होती. पाटीवरच्या तीन ओळी अशा होत्या:

पहिले दोन तास मोफत
नोंदणी आवश्यक त्यापुढे
दर तासाला शुल्क

त्यांनी एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग चोराच्या पायाचा ठसा सापडल्यावर फौजदाराचं होतं तसं त्यांचं झालं.

"पूर्णविराम नाही!"

बायको गाडीला टेकून उभी होती. तिचा गुडघा ठणकत होता.

"बघ. यांना म्हणायचंय की नोंदणी आवश्यक. पूर्णविराम. त्यापुढे, म्हणजे दोन तासांपुढे, शुल्क. पण पूर्णविराम आहे कुठं? लिहिलंय काय, तर नोंदणी आवश्यक त्यापुढे. म्हणजे पहिल्या दोन तासांना नोंदणी लागतच नाही. दोन तासांपुढे लागते! भाषेच्या नियमानं मी बरोबर आहे. मी असंच वाचलं होतं."

बायकोनं पर्स उघडली, आतलं चष्म्याचं रिकामं घर पाहिलं, आणि पर्स मिटली. घरी जाऊन पाय शेकायचा होता, आणि चाळीस वर्षांच्या संसारात कुठली वाक्यं गिळलेली बरी याचा तिला चांगला अंदाज आला होता.

अनुस्वारराव खोटं बोलले, असं म्हणणं अन्यायाचं होईल. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक असावं लागतं. त्यांनी एवढंच केलं, की त्या सकाळची आपली आठवण तपासली, तिच्यात दोन-चार दुरुस्त्या सुचवल्या आणि छापायला सोडली. घर येईपर्यंत त्यांना ती मधली ओळ वाचताना आपला चेहरा कसा शांत होता, हेसुद्धा आठवू लागलं.

पहिलं पत्र चार पानांचं झालं. पार्किंगवाल्या कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं: 'आपले मत आमच्यासाठी महत्वाचे आहे. आपला दंड कायम आहे.' अनुस्वाररावांनी 'महत्वाचे'मधला राहिलेला अर्धा त लाल शाईनं घातला आणि पत्र परत धाडलं. कंपनीनं तेच पत्र, नव्या तारखेचं, पुन्हा पाठवलं. मत पुन्हा महत्वाचं होतं आणि पुन्हा अर्ध्या त-विना. असं चार वेळा झालं. इतकी चिकाटी अनुस्वाररावांनी फक्त स्वतःत पाहिली होती, त्यामुळे शत्रूबद्दल त्यांना थोडा आदरही वाटू लागला.

रविवारी लेक आली. ती एका विमा कंपनीत होती, लोकांचे दावे नामंजूर करायच्या खात्यात. तिनं पत्रांची चवड पाहिली आणि हसली.

"बाबा, ही पत्रं कुणी लिहीत नाही. कंप्यूटर लिहितो. आणि तुमची कुणी वाचत नाही."

"कशावरून?"

"आमच्याकडे पण नाही वाचत. अजून तीन दिवस आहेत, अर्धा दंड भरा आणि मोकळे व्हा."

"प्रश्न पैशाचा नाही."

"ज्याचा प्रश्न पैशाचा नसतो ना बाबा, तो शेवटी पूर्ण दंड भरतो."

"मी पूर्णही भरणार नाही. हा भाषेचा प्रश्न आहे."

लेकीनं आईकडे पाहिलं. आई काकडी चिरत होती, फार मन लावून.

त्याच दिवशी अनुस्वाररावांनी प्रतिज्ञा केली, की न्याय मिळेपर्यंत त्या पार्किंगमध्ये आपल्या गाडीचं चाक फिरकणार नाही. आसपास दुसरीकडे गाडी लावायला काय, थांबवायलाही जागा नव्हती. तेव्हा बायको बसनं जाऊ लागली. तत्त्व अनुस्वाररावांचं होतं, पाय बायकोचे होते. मंगळवारी नि गुरुवारी ती काठी घेऊन निघाली, की अनुस्वारराव खिडकीतून पेन हलवून निरोप देत आणि "सांभाळून जा गं, लढा मोठा आहे" असं म्हणून पुन्हा टेबलाशी बसत.

लढ्याला पुरावे लागतात. एका सकाळी ते टेप, वही आणि कॅमेरा घेऊन बसनं त्या पार्किंगमध्ये गेले. पाटीचे सतरा फोटो काढले. अक्षरांची मापं घेतली: मोठी वीतभर, बारीक करंगळीच्या नखाएवढी. ते आकडे त्यांनी वहीत एका कोपऱ्यात टिपून ठेवले; मोजलंच आहे तर असू द्यावं. मग मुख्य प्रयोग. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती पाटी मोठ्यानं वाचायला लावायची आणि तो नेमका कुठं थांबतो ते लिहायचं.

पहिल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलंच नाही. "काका, तुम्ही इथले का? मग माझा नंबर टाका ना, मला घाई आहे." आणि नंबर सांगून त्या गेल्यासुद्धा. नंबर ऐकल्यावर तो चुकवणं अनुस्वाररावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मशीनमध्ये टाकला. मागून दुसरा आला, तिसरा आला. बाराच्या ठोक्यापर्यंत त्यांनी अकरा गाड्यांची बिनचूक नोंदणी केली, आणि पाटी वाचणारा एकही माणूस सापडला नाही. कंपनीचे अकरा दंड बुडाले, हा त्या दिवसाचा एकमेव निष्कर्ष. पण तो पत्रात घालण्यासारखा नव्हता.

शेवटी वॉचमन आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, झोपेतून उठवल्यासारखा.

"गाडी कुठाय तुमची?"

"आणलेली नाही."

"मग इथं उभं राहता येणार नाही."

"तसं पाटीवर लिहिलेलं नाही."

"पाटी कोण वाचतं, साहेब?" वॉचमन जांभई देत म्हणाला. "लोक पाटी वाचत असते तर मला कशाला ठेवलं असतं?"

अनुस्वाररावांना हा मनुष्य फारच अशिक्षित वाटला.

सगळं मिळून बारा पानांचा अर्ज तयार झाला आणि तक्रार निवारण मंडळाकडे गेला. पान तीनवर पूर्णविरामाचा इतिहास होता. पान पाच ते नऊ विरामचिन्हांअभावी जगात झालेल्या गोंधळांची उदाहरणं. अक्षरांची मापं पान अकराच्या तळटिपेत, इतर किरकोळ बाबींबरोबर. नवव्या आठवड्यात सुनावणीची तारीख लागली.

मंडळाच्या इमारतीखालचं पार्किंगही त्याच कंपनीचं निघालं, म्हणून दोघं बसनं गेली. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. फाइल बायकोच्या हातात होती. अनुस्वारराव पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबले. वर पाहतात तर बायको तिसऱ्या मजल्यावर, फाइल काखेत, त्यांची वाट बघत उभी. काठीही नव्हती तिच्याकडे.

"तुझा... गुडघा?"

"बरा आहे."

"कधी... पासून?"

"झाले तीन-चार आठवडे. या तुम्ही सावकाश."

पुढचं विचारायला अनुस्वाररावांच्या छातीत हवा नव्हती.

सुनावणीची खोली म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या, पाण्याचा प्लॅस्टिकचा जग आणि भिंतीला टेकलेले फायलींचे गठ्ठे. निवाडा करणाऱ्या अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांचा घसा बसला होता आणि त्या खोकल्याची गोळी चघळत होत्या. कंपनीतर्फे टाय लावलेला एक उंच गृहस्थ आला होता. त्याला त्या दिवशी अशा चौदा केसेस होत्या आणि ही कुठली, हे तो अजून शोधत होता.

"पाटी स्पष्ट आहे, मॅडम," तो कागद शोधता शोधता म्हणाला.

"मग वाचून दाखवा," बाई म्हणाल्या.

त्यानं वाचलं: "पहिले दोन तास मोफत, नोंदणी आवश्यक. त्यापुढे दर तासाला शुल्क."

"तुम्ही वाचा."

अनुस्वारराव उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि असं वाचलं, की त्या न छापलेल्या पूर्णविरामाची अनुपस्थिती खोलीभर घुमली. "पहिले दोन तास मोफत. नोंदणी आवश्यक त्यापुढे. दर तासाला शुल्क."

बाईंनी फोटो जवळ घेऊन मनाशी दोनदा वाचला. "दोन्ही अर्थ लागतात," त्या म्हणाल्या.

अनुस्वाररावांच्या आयुष्यात इतकं गोड वाक्य बरेच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. ते बसणार, तोच बाई पुढे म्हणाल्या, "पण मशीनवर वेगळं लिहिलंय. हा फोटो तुमचाच आहे. 'मोफत वेळेसाठी नंबर टाका.' इथं तर काही घोटाळा नाही. पाटी वाचून माणसाला शंका आली, तर तो शेजारी बघतो. तुम्हाला शंका आली होती?"

"मुळीच नाही. अर्थ स्वच्छ होता."

"म्हणजे त्या दिवशी, गाडी लावली तेव्हा, तुम्ही ही मधली ओळ वाचलीत आणि तिचा अर्थ असा लावलात."

अनुस्वाररावांनी तोंड उघडलं. "हो" हा शब्द जिभेच्या टोकावर होता. नऊ आठवडे त्यांनी तो कागदावर लिहिला होता. पण लिहिणं वेगळं आणि गोळी चघळत शांतपणे बघणाऱ्या माणसासमोर म्हणणं वेगळं. त्यांनी ती सकाळ डोळ्यांपुढे आणली, आणि काही केल्या मधली ओळ दिसेना. मुंग्याच दिसू लागल्या.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पाण्याच्या जगाकडे बघत होती. ती बोलणार नाही, हे त्यांना माहीत होतं. बाजूनंही नाही, विरुद्धही नाही. तिनं कपाळाला आठी घातली असती, तर तिच्यावर चिडून त्यांना रेटून "हो" म्हणता आलं असतं. तिनं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

"नाही," अनुस्वारराव म्हणाले.

"काय नाही?"

"वाचली नाही मी ती ओळ. चष्मा हिच्या पर्समध्ये होता. मोठी अक्षरं दिसली, बारीक लागली नाहीत. मी... वाचल्यासारखं केलं आणि गेलो." शेवटचे शब्द इतके हळू आले, की बाईंना पुढे वाकावं लागलं. एकतीस वर्षांत 'वाचलं नाही' हे त्यांनी प्रथमच कुणापुढे कबूल केलं होतं, आणि तेही सरकारी टेबलासमोर.

टायवाला खुर्चीत ताठ झाला. "मॅडम, मग संपलंच की! ते स्वतःच म्हणतायत वाचलं नाही म्हणून."

"थांबा. चष्म्याशिवाय गाडी चालवता तुम्ही?"

"लांबचं चांगलं दिसतं. जवळचं दिसत नाही."

"मग गाडीतून पाटी दिसलीच असेल. तिथून बारीक ओळी वाचता आल्या नाहीत?"

"गाडीतून त्या आहेत हेच कळत नाही. कुणालाच कळणार नाही. नखाएवढी अक्षरं."

बाई अर्ज उलटू लागल्या. पानं सात, आठ, नऊ त्यांनी वाचल्याशिवायच उलटली. पान अकरावर त्या थांबल्या.

"हे माप तुम्ही घेतलंत? वरची ओळ वीतभर, खालच्या करंगळीच्या नखाएवढ्या?"

"घेतलं, पण ते गौण आहे. मुख्य मुद्दा पान तीनवर—"

"पान तीन राहू द्या." त्या टायवाल्याकडे वळल्या. "फुकट म्हणून ओरडून सांगायचं आणि अट कानात कुजबुजायची, असं का करता हो तुम्ही?"

"डिझाइन वरून येतं, मॅडम."

"वरच्यांना सांगा, दंड रद्द. अट गाडीतून दिसली पाहिजे, नाहीतर ती अटच नाही." त्यांनी लिहायला घेतलं. मग लिहिता लिहिता अनुस्वाररावांना म्हणाल्या, "एक सांगते. ओळ वाचून चुकीचा अर्थ लावला असं म्हणाला असतात, तर मी दंड कायम ठेवणार होते. मशीनवर सगळं लिहिलेलं आहे."

कुठल्याही शहाण्या माणसानं इथं आभार मानून जिना धरला असता.

"म्हणजे पूर्णविरामाचं..." अनुस्वारराव म्हणाले.

"त्याबद्दल मी काहीच म्हणत नाही."

"निदान नोंद तरी करा."

"कसली?"

"तो तिथं नाही, याची."

"आजोबा," बाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जिंकलात."

"पण म्हातारा म्हणून जिंकलो! डोळे गेले म्हणून! बारा पानं लिहिली त्यातलं एक वाक्य तुम्ही—" त्यांनी अर्जावर बोट ठेवलं. "जिंकलेल्याला अपील करता येतं का?"

टायवाला त्या दिवसात पहिल्यांदाच हसला. "सर, तुमच्या वतीनं मी करू का?"

बायकोनं फाइल उचलली, बाईंना नमस्कार केला आणि नवऱ्याचं कोपर धरून त्याला बाहेर काढलं.

दोघं दोन मजले उतरली. तळमजल्याच्या जिन्यावर अनुस्वारराव थांबले. "तू मला सांगितलं का नाहीस? चष्मा पर्समध्ये होता ते. आत नाही, घरी तरी."

"तुम्हाला माहीत होतं की."

"नव्हतं गं." त्यांनी कठडा धरला. "खरंच सांगतो. मध्ये बरेच दिवस मला माहीतच नव्हतं."

"ते मला माहीत होतं," बायको म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बस स्टॉपवर त्यांनी भरपाईची तयारी दाखवली. "गुरुवारी मी गाडीनं नेतो तुला. आता काही अडचण नाही."

"गुरुवारी कुठं?"

"फिजिओकडे."

"ते संपलं. मागच्या मंगळवारी शेवटचं होतं."

"मला बोलली नाहीस!"

"बोलले होते. दोनदा. एकदा तुम्ही पान नऊ पुन्हा तपासत होतात आणि एकदा दहा."

बस आली. ड्रायव्हरनं बायकोकडे पाहून मान हलवली आणि विचारलं, "आज या वेळेला कशा?" ती म्हणाली, "यांचं काम होतं." अनुस्वारराव मागून चढले. नऊ आठवड्यांत या बसमध्ये तिचं एक जग तयार झालं होतं आणि त्यात आपली ओळख 'यांचं काम' एवढीच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. ते खिडकीशी बसले. चार स्टॉप गेल्यावर बायकोनंच विषय काढला.

"मंगळवारी मी असणार नाही सकाळी. आम्ही शेवटच्या स्टॉपला जातो. तिथं तळं आहे, त्याला फेऱ्या मारतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, एक रिटायर झालेल्या नर्सबाई आणि एक शिंपीणबाई. बसमध्येच ओळख झाली. फिजिओनं चालायला सांगितलंय ना."

अनुस्वाररावांनी बाहेर पाहिलं. दुकानांच्या पाट्या जात होत्या. त्यांतल्या दोन तरी चुकीच्या होत्या. "मी आलो तर चालेल?"

"विचारते त्यांना," बायको म्हणाली.

तिनं खरोखरच विचारलं. उत्तर यायला दोन आठवडे लागले, कारण शिंपीणबाईंचं मत पडत होतं की पुरुष माणूस बरोबर असला की फार बोलतो. अखेर चाचणी म्हणून एका मंगळवारची परवानगी मिळाली.

तळ्याला एक फेरी मारायला त्या तिघींना वीस मिनिटं लागत. अनुस्वाररावांना त्या दिवशी पस्तीस लागली, आणि बोलायचा तर प्रश्नच आला नाही. फेरी पुरी करून ते बाकापाशी पोचले, तेव्हा दोघी त्यांच्यासाठी थांबल्या होत्या. नर्सबाईंनी त्यांची नाडी पाहिली आणि शिंपीणबाईंनी पाणी दिलं. बायको दुसऱ्या फेरीला निघून गेली होती.